मुळशीच्या पावसात एक मोटार

पुण्याहून पश्चिमेकडे निघालेला पौडचा रस्ता एके काळी मोठा गरीब होता. एका बाजूने बैलगाडी आली की दुसऱ्या बाजूच्या एस्. टी.ने खाली उतरून तिला वाट द्यावी, इतकीच त्याची ऐपत. आज त्याची परिस्थिती पालटली आहे. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात सुरुंग लावून पाडला आणि २०२३ च्या ऑगस्टात तिथे नवे उड्डाणपूल खुले झाले. आता त्या चौकात चांदण्या शोधायला मान वर केली तर डोक्यावर पूल दिसतो, आणि मान खाली केली तर पायाखालीही रस्ताच.

चौक ओलांडला की भूगाव येते. मानस तळ्याच्या काठचे हे गाव पैलवानांचे. २०१७ साली महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या याच गावात झाल्या. पुढे भूकूम, मग पिरंगुटचा छोटासा घाट, आणि घाट उतरला की कारखान्यांची रांग. जिथे भाताच्या खाचरांत बगळे उभे असत तिथे आता ट्रक उभे असतात. मधल्या काळात या तालुक्यात जमिनीला सोन्याचा भाव आला. जमीन गेली, पैसा आला, आणि पैशाबरोबर दारात मोटार आली. पुढे पैसाही गेला आणि मोटारही गेली. २०१८ साली प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट आला, तो याच विषयावर. तेव्हा मुळशीला मोटारीचे अप्रूप नाही. पौडच्या आठवडेबाजाराच्या दिवशी लाखोंच्या मोटारी चिखलात चाके रुतवून उभ्या असलेल्या मी पाहिल्या आहेत.

परंतु ज्या मोटारीसाठी मी गेले वर्षभर या रस्त्याच्या खेपा घालतो आहे, ती यांतली नव्हे. ती पौडच्या पलीकडे, मुळेच्या काठच्या एका गावात, पत्र्याच्या छपराखाली ताडपत्री पांघरून बसलेली आहे. चालत नाही. गेल्या पन्नास वर्षांच्या आसपास ती स्वतःच्या बळावर एक हातही पुढे सरकलेली नाही. आणि तरीही तिच्यापायी आमच्या एका स्नेह्यांची झोप उडाली आहे.

या मोटारीचे नाव एम्. जी. हल्ली हे नाव गुजरातेत हालोल येथे तयार होणाऱ्या प्रशस्त गाड्यांवर दिसते, पण ते मूळचे 'मॉरिस गॅरेजेस' या दोन शब्दांचे. इंग्लंडातल्या ऑक्सफर्ड गावी विल्यम मॉरिसची मोटारविक्रीची आणि दुरुस्तीची दुकाने होती. तिथल्या सेसिल किंबर नावाच्या व्यवस्थापकाला साध्या मॉरिस मोटारींवर देखणी आणि चपळ शरीरे चढवण्याचा नाद लागला. त्या नादातून एक कारखाना उभा राहिला, १९२९ साली तो ॲबिंग्डन या गावी गेला, आणि १९८० साली बंद पडेपर्यंत तिथून वाऱ्याशी शर्यत लावणाऱ्या छोट्या मोटारी बाहेर पडत राहिल्या. म्हणजे जिचा जन्मच गॅरेजात झाला, तिचा पुनर्जन्मही गॅरेजात व्हावा, यात तसे वावगे काही नाही.

आमच्या स्नेह्यांची गाडी टी. डी. जातीची, १९५१ ची. या जातीच्या जवळपास तीस हजार गाड्या १९४९ ते १९५३ या काळात बनल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. हिंदुस्थानात आल्या त्या बोटांवर मोजण्याजोग्या. पुढे तर दारच बंद झाले. १९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांना इथे मोटार घडवायची नाही, नुसती जोडायची आहे, त्यांनी गाशा गुंडाळावा, असे सरकारी धोरण ठरले, आणि मुंबईत १९२८ पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सनेही आपला कारखाना बंद केला. अशा दिवसांत दोन माणसांच्या चैनीची विलायती गाडी कोण आणू देणार? ज्या येऊन पोचल्या होत्या, त्याच इथे राहिल्या.

स्नेह्यांच्या वडिलांनी ही गाडी मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या अंमलदाराकडून १९५६ साली विकत घेतली. वडील डॉक्टर होते. पेठेतल्या अरुंद गल्लीत, वाड्याच्या दिंडी दरवाजातून ही गाडी मागे घेण्यात त्यांचा हातखंडा होता म्हणतात. बसायला दोनच जागा. त्यामुळे रविवारी खडकवासल्याला जायचे ठरले की आई पुढे, आणि दोन पोरे मागच्या फळीवर, छपराच्या कापडाच्या घडीवर. "आमच्या बालपणीचा सगळा वारा त्या गाडीतला आहे," असे स्नेही एकदा बोलता बोलता म्हणून गेले. १९७८ च्या सुमारास सुटे भाग मिळेनात, तेव्हा गाडी वाड्याच्या पडवीत उभी राहिली ती कायमची. वाडा पाडायची वेळ आली तेव्हा तिला ट्रकवर घालून मुळशीच्या शेतावर आणली. त्यानंतरचे पावसाळे तिने तिथे काढले आहेत.

आणि मुळशीचा पावसाळा म्हणजे काय, हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगून कळणार नाही. पुण्याला वर्षाकाठी जेवढा पाऊस पडतो, तेवढा ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर जुलैत कधीकधी चारदोन दिवसांत कोसळतो. आमचे गाव घाटमाथ्यापासून बरेच अलीकडे आहे, तरी मृगापासून हस्तापर्यंत भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. आंबेमोहोर तांदळाला हे हवामान मानवते. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि भात शिजायला लागला की आळीभर वास सुटतो हे काही खोटे नाही. पण जे भाताला अमृत, ते लोखंडाला विष. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर गेला की उघड्या लोखंडावर गंजाचा पाय पुढे पडू लागतो. मुळशीत चार महिने तो पाय थांबतच नाही.

गेल्या वर्षी मुंबईचा एक दलाल आला. त्याने ताडपत्री उचलली, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि एक आकडा बोलला. आकडा लहान नव्हता. स्नेह्यांनी विचारले, "घेऊन काय करणार?" तो म्हणाला, "गाडीची कागदपत्रे आणि क्रमांकाची पट्टी चांगली आहे. बाकीचे नवीन करू." म्हणजे, थोडक्यात, नाव ठेवायचे आणि माणूस बदलायचा. स्नेह्यांनी विचार करायला दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. परगावी असलेल्या त्यांच्या मुलीने फोनवर सांगितले, "बाबा, तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात. विकून टाका, नाहीतर नीट करा. पण असे तिसरे काहीतरी करत बसू नका." तिसरे काहीतरी म्हणजे दर रविवारी ताडपत्री उचलून बघणे आणि पुन्हा पांघरणे.

तेव्हापासून आम्ही दोघांनी गाडी नीट करण्याचा नुसता आराखडा करायला घेतला. विकायची की ठेवायची हे आराखडा झाल्यावर ठरवायचे. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. पुष्कळ लोक आधी पान्हे घेऊन गाडीवर तुटून पडतात आणि दोन आठवड्यांत तिचे चारशे तुकडे करून ठेवतात. मग उत्साह संपतो, पैसा संपतो, आणि तुकडे पोत्यांत भरून भंगारवाल्याची वाट पाहू लागतात. जुनी मोटार मरते ती गंजाने कमी, अर्धवट उलगडल्याने जास्त.

आराखड्यातली पहिली बाब मोटारीची नव्हती, जागेची होती. पत्र्याच्या छपराला आतून घाम येतो आणि तो थेंबथेंब खाली पडतो, हे आम्ही भर ऑगस्टात कंदील धरून पाहिले. मातीच्या जमिनीतून ओल वर चढते ती वेगळीच. म्हणून ठरले असे: जोते दोन फूट उचलायचे, खाली खडीचा थर, त्यावर प्लास्टिकचा जाड कागद, त्यावर काँक्रीट. छपराला आतून फळ्यांचे अस्तर. पश्चिमेची भिंत बंद, कारण पाऊस तिकडूनच मारतो. पूर्वेला आणि उत्तरेला वर झरोके, म्हणजे हवा खेळेल. वळचण चांगली तीन फूट पुढे. गावातल्या गवंड्याने हे सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मंजे भात साठवायची कणगी कशी ठिवतो, तशी गाडी ठिवायची." आम्हाला दोन तास लागले ते त्याने एका वाक्यात सांगितले.

दुसरी बाब ऋतूंची. मुळशीत मोटार दुरुस्त करायची तर पंचांग पाहून केली पाहिजे. पावसाळ्यात रंग मारला तर हवेतली वाफ रंगात शिरते आणि चकाकीवर दुधासारखी साय धरते. पत्रा घासून उघडा केला तर सकाळपर्यंत त्याच्यावर तांबूस लव येते. तेव्हा पत्र्याचे आणि रंगाचे काम कार्तिकापासून वैशाखापर्यंतच. पावसाळ्याचे चार महिने बैठ्या कामांचे: कार्ब्युरेटर उघडून पितळी भाग धुणे, विजेच्या तारांचा नकाशा काढणे, घड्याळे साफ करणे. आवणीच्या दिवसांत वीज तासन् तास जाते, तेव्हा वेल्डिंगसारखी कामे त्या काळात धरायचीच नाहीत.

विजेचे नाव निघाले म्हणून सांगतो. गावातून पश्चिमेला थोडे पुढे गेले की मुळशीचे धरण दिसते. मुळा नदी पूर्वेला पुण्याकडे वाहायची. टाटांनी तिला बांध घातला, पाणी अडवले आणि सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला कोकणात, भिरा येथे, दीड हजार फुटांहून अधिक खाली सोडले. १९२७ सालापासून ते पाणी भिऱ्याची चक्रे फिरवते आहे, त्या विजेवर मुंबई चालली आहे, आणि फिरून झालेले पाणी कुंडलिका नदीला मिळते. हे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने मोठे कर्तृत्व आहे, आणि ते पाहताना मान झुकते. परंतु धरणाच्या तळाशी मुळशी पेट्यातली कित्येक गावे आहेत. ती सुखासुखी गेली नाहीत. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे त्यात होते, आणि पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. तीन-चार वर्षे माणसे धरणाच्या कामावर आडवी पडली, तुरुंगात गेली. अखेर धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली.

आता या गोष्टीचा मोटारीशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तो आमच्या सुतारामुळे आला.

टी. डी. मोटारीचे शरीर दिसते पोलादी, पण आत लाकडाचा सांगाडा असतो. विलायतेत ॲश नावाचे झाड होते, त्याचे लाकूड हलके, चिवट आणि धक्का सोसणारे. कुदळीचे आणि हातोड्याचे दांडे तिकडे त्याचेच करतात. त्या लाकडाची चौकट करायची, तिच्यावर पोलादी पत्रा बसवायचा आणि बारीक चुकांनी ठोकायचा, अशी ही जुनी बग्गीवाल्यांची रीत. गाडी वेगात वळते तेव्हा हे शरीर किंचित मुरडते आणि पुन्हा सरळ होते. पत्र्याचा गंज डोळ्यांना दिसतो, लाकडाची कूज मात्र पत्र्याच्या आड लपलेली असते. स्नेह्यांनी दाभणाने टोचून पाहिले. उंबऱ्याची खालची दोन्ही लाकडे आणि दारांच्या खांबांचे पाय यांत दाभण लोण्यासारखे गेले. या गाडीची दारे उलटी उघडतात, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. साऱ्या दाराचा भार त्या मागच्या खांबावर. तो खांब कुजला की दार लोंबकळते आणि मग काहीच जागच्या जागी बसत नाही.

पुण्यातल्या दोन-तीन नामी कारागिरांना विचारले. ते पत्रा, इंजिन, रंग सगळे करायला तयार, पण लाकूड म्हटले की मान हलवत. एकाने तर सांगितले, "लाकूड काढून लोखंडी चौकोनी नळ्या घालू, शंभर वर्षे टिकेल." तेव्हा गावातल्या एका वृद्ध सुताराचे नाव कोणीतरी सुचवले. हे मिस्त्री पंचाहत्तरीच्या पुढचे. तरुणपणी त्यांनी बैलगाड्या बांधल्या. गाडीचा तुंबा, आरे आणि पाटे बाभळीचे कसे निवडायचे, हे त्यांच्या बोटांत आहे. मोटारीच्या लाकडाला हात लावायची ही त्यांची पहिलीच वेळ. त्यांनी ताडपत्री बाजूला केली, दार उघडले, सीट काढायला लावली, आणि अर्धा तास एक शब्द न बोलता आत डोके घालून पाहत बसले. मग बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, ही तर गाडीच हाय की. मला वाटलं मोटार हाय."

स्नेही म्हणाले, "मिस्त्री, हे सगळे उलगडून पुन्हा होतं तसं बसेल का?"

म्हाताऱ्याने लगेच उत्तर दिले नाही. तंबाखू मळून झाली तेव्हा म्हणाला, "आमचं घर धरणात गेलं. मी नव्हतो तवा, माझा आजा व्हता. पाणी याच्या आदी त्यानं घराचं खांब, तुळया, चौकट सगळं उतरवलं. परत्येक सांध्यावर पटाशीनं खुणा केल्या. एका खुणेला दुसरी जुळती. बैलगाड्यांत घालून हितं आणलं आन् उबं केलं. माझं निम्मं घर अजून त्याच लाकडावर हाय. उलगाडल्यालं परत बसतंय. खूण मातर आदी करावी लागती."

नंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो. मधल्या खांबावर, तुळईला मिळतो तिथे, तीन उभ्या रेघा आणि एक तिरकी, आणि तुळईवर तशीच जोडी. धुराने काळ्या झालेल्या त्या खुणांवर म्हातारे बोट ठेवून दाखवत होते. स्नेही बराच वेळ त्या खांबापाशी उभे होते. घरी परतताना एवढेच म्हणाले, "आपण लेबले चिकटवायचा बेत केला होता. पावसात सुटली असती."

त्या दिवसापासून आराखड्याला शिस्त आली. प्रत्येक भाग सुटण्याआधी त्याचे चार बाजूंनी छायाचित्र. लाकडाच्या सांध्यांवर पटाशीची खूण. लोखंडी भागांवर पत्र्याची ठोकलेली टिकली. खिळे-बोल्ट काचेच्या बरण्यांत, आणि बरणीत त्या त्या भागाच्या नावाची चिठ्ठी. चिठ्ठी बरणीच्या आत, बाहेर नव्हे. ही बारीकसारीक गोष्ट वाटते, पण दोन वर्षांनी गाडी पुन्हा जोडायची तेव्हा माणसाची आठवण दगा देते, बरणी देत नाही.

बोल्टांचीच एक गंमत आहे. गाडी इंग्रजी, तेव्हा तिचे आटे इंची असणार असा आमचा समज. पुण्याच्या दुकानातून नेलेला इंची बोल्ट इंजिनात शिरेना, आणि मेट्रिक बोल्ट शिरला तरी इंची पान्हा त्याच्या डोक्याला लागेना. उलगडा जुन्या ग्रंथांतून झाला. मॉरिसने १९२३ साली कॉव्हेन्ट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिनांचा कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरचे. पण गावोगावच्या इंग्रज मिस्त्रीपाशी पान्हे व्हिटवर्थ मापाचे. मग बोल्टाचे डोके इंग्रजी ठेवले आणि धड फ्रेंच. हे इंजिन, साडेबाराशे घनसेंटिमीटरचे, टी. डी.त त्याच वळणाने आले. तेव्हा या गाडीचा एकही मूळ बोल्ट फेकायचा नाही, असे वहीत लाल शाईने लिहून ठेवले आहे.

इंजिन जाम आहे. जाम इंजिनाची घाई करू नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात पातळ तेल सोडायचे आणि आठवडे थांबायचे, मग चाकाच्या बाजूने हलक्या हाताने हलवून पाहायचे. गाडी ढकलून किंवा ओढून चालू करण्याचा मोह झाला तर पिस्टनच्या कड्या मोडतात. इंजिन सुटले तरी आणखी दोन प्रश्न उभे राहतात, आणि ते गाडी बनली त्या काळी नव्हतेच. त्या काळच्या पेट्रोलात शिसे होते, ते झडपांच्या बैठकींना वंगणासारखे उपयोगी पडे. आपल्याकडे २००० सालापासून शिशाचे पेट्रोल बंद झाले, तेव्हा बैठकींत कठीण पोलादाची कडी बसवावी लागतील. आणि आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला आणि कार्ब्युरेटरच्या बुचांना खाते, शिवाय हवेतले पाणी ओढून घेते. पुण्यात ही अडचण, मुळशीत दुप्पट अडचण. म्हणून नळ्या सगळ्या नव्या, आणि पावसाळ्यात टाकी रिकामी.

बाकीच्या गोष्टींसाठी पुणे जवळ आहे हे आमचे भाग्य. नाना पेठेतली सुट्या भागांची दुकाने, बुधवारचा आणि रविवारचा जुना बाजार, कसब्यातली तांबट आळी. जुन्या बाजारात एका दुपारी आम्हाला जुने लुकस दिव्याचे भिंग मिळाले. विकणाऱ्याने ते देवघरातल्या निरांजनावर ठेवायचे म्हणून मांडले होते. तांबट आळीत एका कारागिराने रेडिएटरची पितळी टोपी हातात घेऊन वाजवून पाहिली आणि पोचा कुठे आहे ते न बघता सांगितले. मुंबईत कुर्ल्याचा भंगारबाजार आहे, चोरबाजार आहे. आणि परदेशात या गाडीचे जवळजवळ सारे भाग आजही नवे बनतात. पैसे टाकले तर टपालाने येतात. पैसे किती, याचा अंदाज स्नेह्यांनी एका पानावर काढला, मी त्याची दुप्पट केली, आणि आम्ही दोघांनी ते पान उलटून ठेवले.

आता कायद्याची बाजू. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिन्टेज' ठरते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, ती दहा वर्षे चालते, पुढच्या नोंदणीला पाच हजार. ज्यांची नोंदणी आधीच आहे त्यांना आपला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्यांना राज्याच्या अक्षरांपुढे 'व्ही ए' ही अक्षरे मिळतात. गाडी प्रदर्शनाला, मेळाव्याला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते, पण रोजच्या ये-जा करायला किंवा धंद्याला नाही. आणि मुख्य अट अशी की सांगाडा, शरीर किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत.

या अटीने आमचा मोठा वाद मिटवला, आणि एक नवा लावून दिला. लोखंडी नळ्या घालण्याचा सल्ला बाद झाला. पण लाकूड कोणते घालायचे? ॲश परदेशातून आणायचे, की सागवान वापरायचे? स्नेही म्हणत, मूळ म्हणजे मूळ, ॲशच हवे. मी म्हणे, सागाला वाळवी लागत नाही, पाणी मानवते, मुळशीत राहायचे तर मुळशीचे लाकूड घ्यावे. हा वाद महिनाभर चालला. शेवटी तो मिस्त्रींपुढे गेला. त्यांनी ॲशचा कुजलेला तुकडा हातात घेऊन वाकवला, वास घेतला, वजन पाहिले. मग म्हणाले, "साग ताठ हाय. ह्ये वाकून परत सरळ होतंय. गाडीला असंच पायजे. पर जे चांगलं हाय ते काडू नका. कुजलंय तेवढंच काडा आन् नवं त्याला जोडा. आमच्या घराचं बी तसंच केलंय."

म्हणजे वर्षभर आम्ही ज्याला 'नवी करणे' म्हणत होतो, ते मिस्त्रींनी 'कुजलेले तेवढे काढणे' करून टाकले. आणि आराखडा निम्म्याहून लहान झाला. मागची कमान, पुढचा आडवा पाट, डाव्या दाराची चौकट, हे सगळे जुनेच राहणार. त्यासाठी ॲशच्या चार-पाच लांब पट्ट्या मागवल्या की भागणार. रंगही जिथे टिकून आहे तिथे ठेवायचा, असे ठरते आहे. गाडी चकाकणार नाही. मेळाव्यात तिला बक्षीस मिळणार नाही. पण डॉक्टरांनी ज्या दारावर कोपर टेकवले ते दार तेच राहील.

अशा जुन्या वस्तूंचे जतन म्हणजे श्रीमंतांचे खूळ, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे सगळेच चूक नाही. ज्या तालुक्यात माणसांची अख्खी गावे गेली तिथे एका मोटारीसाठी एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. पण गाव गमावलेल्या घराण्यातल्या त्या सुताराला तो पडला नाही. त्याच्या आजाने गाव वाचवण्यासाठी काय केले ते मला ठाऊक नाही, पण गाव वाचत नाही असे दिसल्यावर त्याने सांध्यांवर खुणा केल्या. सगळे वाचवता येत नाही हे ज्याला कळले, त्यालाच काय वाचवता येते ते कळते. मुळशीच्या रस्त्यावर येता-जाता जे दिसते, विकलेली खाचरे, नवे बंगले, धरणाचे शांत पाणी, ते पाहताना हे मला पटत चालले आहे.

दलालाला यंदा वसुबारसेच्या दिवशी फोन केला आणि नाही म्हणून सांगितले. त्याने आकडा वाढवला. स्नेह्यांनी आभार मानून फोन ठेवला. मुलीला कळवले तेव्हा ती म्हणाली, "मग डिसेंबरात मी येते. मलाही एक पान्हा ठेवा."

जोत्याचे काम भाऊबीज झाली की सुरू होईल. काँक्रीट वाळायला महिना. तोवर गाडीला कोणी हात लावायचा नाही असे ठरले आहे. मिस्त्रींनी मात्र परवा येऊन आपली पटाशी दगडावर पाजळून ठेवली, आणि उजव्या दाराच्या खांबावर पहिली खूण कुठे करायची ते खडूने आखून गेले.